बसथांब्याचेही छायाचित्र काढावे

आपल्या गावचे छायाचित्र काढायचे म्हटले की कॅमेरा हमखास किल्ल्याकडे किंवा कमलबस्तीकडे वळतो. त्यात गैर काही नाही. पण वडगावातून कॉलेजला येणारा विद्यार्थी ज्या थांब्याखाली रोज बसची वाट पाहतो, त्याचे छायाचित्र कुणाच्या संग्रही आहे?

चार खांब, वर छत, खाली बाक. अशी वास्तू पाडली तरी कुणी हळहळत नाही. बेळगावच्या रेल्वे स्थानकाची नवी इमारत २७ फेब्रुवारी २०२३ रोजी खुली झाली. सोय वाढली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जुन्या स्थानकाचे रूप पुढच्या पिढीला दिसेल ते छायाचित्रातच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. त्यापूर्वीच्या छायाचित्रातली फलाटावरची पिवळी पाटी आता दस्तऐवजच होय. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या जुन्या गल्ल्या पाडल्या जात असताना शहराच्या प्रशासनानेच शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराकडून त्या टिपून घेतल्या होत्या.

मात्र बटण दाबले की काम संपले, ही समजूत सोडावी. आपल्या उन्हात रस्ता पांढराफटक आणि थांब्याच्या आतला बाक काळाकुट्ट येतो. डार्करूममध्ये आधी कागदाच्या पट्टीवर कमी-अधिक वेळ प्रकाश देऊन पाहावा. मग प्रिंट काढताना सावलीच्या भागावर क्षणभर हात फिरता धरावा, म्हणजे बाकावरची आजी दिसू लागते. रस्त्याच्या भागाला थोडा प्रकाश जास्त द्यावा, म्हणजे बसवरची पाटी वाचता येते. प्रिंट वाळल्यावर किंचित काळवंडते. म्हणून अंतिम निर्णय वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात घ्यावा. संगणकावर काम करणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

परंतु एक पथ्य पाळावे. प्रिंट सुधारणे म्हणजे सत्य पुसणे नव्हे. पानाच्या पिचकाऱ्या, फाटकी भित्तिपत्रके, कन्नड पाटी, मराठी पाटी, जे आहे ते राहू द्यावे. निपाणीच्या बसस्थानकात कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्या गाड्या शेजारी उभ्या राहतात. त्यांतली एक कापून टाकली तर चित्र कदाचित देखणे होईल, पण खोटे होईल.

आपल्या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्हीकडच्या वाचकांना अनुवादावाचून कळेल असे पान छायाचित्राचेच. तेव्हा पुढील अंकासाठी प्रत्येक वर्गाने आपल्या थांब्याचे एक प्रिंट द्यावे, पाठीमागे ठिकाण व तारीख लिहावी आणि ग्रंथालयाने ते जपून ठेवावे. एवढे तर आपण नक्कीच करू शकतो.