संगीतरचनेचें पहिलें साधन

संगीताच्या प्रकल्पासाठीं संगणकावर कोणतें साधन घ्यावें? २००४ सालीं निघालेलें ‘गॅरेजबँड’ सुबक खरें. परंतु तें ॲपलच्याच यंत्रांवर चालतें. ज्याच्या घरीं तें यंत्र नाहीं, त्या मुलानें काय करावें? शिवाय त्यांतील तयार तुकडे जोडून झालेली धून कितीशी आपली म्हणावी? ‘म्यूझस्कोअर’ला पाश्चात्य स्वरलिपीची ओळख लागते.

आमच्या मतें आरंभ ‘ऑडॅसिटी’नें करावा. तें विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतें. प्रथम पेटीचा सूर ध्वनिमुद्रित करावा. मग तो हेडफोनांतून ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर आपण गावें. सूर ढळला तर पुन्हां ऐकतांना तो लागलाच कळतो.

विद्यार्थिमित्रहो, गुण दोन कमी पडले तरी चालतील. पण ऐकविलेला प्रत्येक सूर माझा आहे, असें निःशंकपणें म्हणतां आलें पाहिजे.