पावती हीच भाडेकरूची सनद

जुहूच्या किनाऱ्यालगतच्या जमिनीला आज जो भाव आला आहे, तो पाहता तेथील जुन्या इमारतीत नियंत्रित भाड्याने राहणारे कुटुंब घरमालकाच्या डोळ्यांत सलावे, यात नवल नाही. भाडे वसूल करण्यापेक्षा भाडेकरू घालवणेच तेथे अधिक किफायतशीर असते. म्हणूनच भाडे कोणत्या रीतीने भरावयाचे, हा वरवर क्षुल्लक दिसणारा प्रश्न निवाऱ्याच्या हक्काचा प्रश्न होऊन बसतो.

वर्षानुवर्षे मालकाचा मेहता दारी येऊन रोख भाडे घेई व पावती देई. एके दिवशी फर्मान निघते की, यापुढे रोख चालणार नाही, अमुक ॲपवरूनच पैसे पाठवा. कोठे याच्या उलट घडते: धनादेश परत येतो, रोखच मागितली जाते आणि पावतीपुस्तक नेमके संपलेले असते. स्मार्टफोन नसलेली वृद्ध विधवा काय किंवा विनापावती रोख मोजणारा कामगार काय, दोघेही काही महिन्यांत कागदोपत्री थकबाकीदार ठरतात.

कायदा याबाबत मुका नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम १५ भाडे देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला संरक्षण देते. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी मागणी करून मालकाला ९० दिवस थांबावे लागते. समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत दरसाल १५ टक्के साध्या व्याजासह रक्कम न्यायालयात भरता येते. कलम ३१ अन्वये पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. विरुद्ध करार नसल्यास धनादेशाने भाडे देणे रीतसर होय, हे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील दामाडीलाल प्रकरणात १९७६ सालीच मान्य केले आहे.

परंतु हक्क शाबीत करावयाचा तर पुरावा हवा. पूर्वी मालकाने भाडे नाकारले की भाडेकरू मनीऑर्डर करी. ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह ती परत आली की तोच कागद वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात त्याची ढाल होई. ती कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. मालकाने खातेच बदलले, तर ॲपवर नकाराचा शेरा कोण मारणार?

घरमालकांचीही एक बाजू आहे. १९४० सालच्या पातळीवर दीर्घकाळ गोठलेल्या भाड्यांतून इमारतींची दुरुस्ती होत नव्हती, हे खरे. बँकेतून भाडे घेण्यालाही आमची हरकत नाही. तेथे निदान नोंद राहते. हरकत आहे ती एकतर्फी सक्तीला.

केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यातील भाडे बाजाराच्या हवाली करण्याचे तत्त्व आम्हांस अमान्य आहे. परंतु त्यातील एक तरतूद उचलण्याजोगी आहे: मालकाने भाडे वा पावती नाकारल्यास ते सलग दोन महिने मनीऑर्डरने वा अन्य मार्गाने पाठवावे आणि तरीही न स्वीकारल्यास भाडे प्राधिकरणाकडे जमा करावे. महाराष्ट्राने आपल्या कायद्यात ही सोय करावी. भाडेकरूच्या लेखी संमतीवाचून भरणा-पद्धत बदलता येणार नाही आणि बदलाचा खर्च त्याच्यावर पडणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहावे.

तोवर प्रत्येक भाडेकरूने धनादेश स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी, आणि इमारतीतील सर्वांनी हे एकत्रितपणे करावे. एकट्याला थकबाकीदार ठरवणे सोपे असते. सबंध इमारतीला ठरवणे तितके सोपे नाही.