जुना कॅमेरा घ्यायचा, तर त्यात रोल घाला!

परवा भाचा घरी आला तो हातात एक खोके घेऊन. "आत्या, ओळख पाहू काय आणलंय!" उघडले तर आत आग्फा क्लिक थ्री. 'दुर्मिळ व्हिंटेज' म्हणून इंटरनेटवरून साडेचार हजारांना मागवलेला. मी कळ दाबून पाहिली. खाली गेली ती वर आलीच नाही. तर म्हणतो, "अगं, वापरायचाय कुठे? दिवाणखान्यात ठेवायला घेतलाय." माझे डोकेच फिरले. तेव्हा चहा दिला, बोलले नाही. आता इथे लिहिते आहे. (तो हा ब्लॉग वाचतो, म्हणूनच!)

आधी त्या 'दुर्मिळ' शब्दाचे बघू. क्लिक थ्री दुर्मिळ कधीच नव्हता. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फा-गेवर्टच्या सहकार्याने तो इथेच बनवला आणि तो घरोघरी गेला, कारण तो परवडत असे. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. ना फोकसची भानगड, ना बॅटरीची.

मी १९७४ साली शाळेत लागले. माझा क्लिक थ्री एका सहशिक्षकांकडून जुनाच घेतलेला, तोही दोन हप्त्यांत. दरवर्षी सहल पांडवलेण्यांना जायची. वर्गात शेहेचाळीस मुले आणि रोलमध्ये बारा फोटो, म्हणून मी चार-चार जणांचे गट उभे करायची. त्यातल्या कितीतरी मुलांच्या घरी त्यांचा एकही फोटो नव्हता. स्टुडिओची पायरी चढायची ती लग्नात, नाहीतर परीक्षेच्या फॉर्मसाठी.

काही वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी घर शोधत इंदिरानगरात आला. आता तोही आजोबा झालेला. म्हणाला, "बाई, सहलीच्या फोटोची निगेटिव्ह आहे का हो? त्यात माझ्या शेजारी धाकटा भाऊ आहे. तो पुढच्याच वर्षी गेला. त्याचा दुसरा फोटोच नाही." बिस्किटांच्या डब्यात ती निगेटिव्ह सापडली. त्या दिवशी मला कळले की दोन हप्त्यांत घेतलेल्या त्या डबड्याने काय काम केले होते.

गरिबाला परवडणारी वस्तू म्हणून जो कॅमेरा मोठा झाला, त्यालाच आज श्रीमंतांच्या फडताळात शोभेला बसवायचे आणि वर त्याची किंमत चढवायची, हे मला पटत नाही. शोभेसाठी घेणारे वाढले की भाव वाढतो. मग ज्या कॉलेजच्या पोराला खरेच शिकायचे आहे, त्याच्या हाती बिघडलेला माल तेवढा उरतो.

कोणी म्हणेल, "बाई, मोबाईलवर फुकट आणि जास्त चांगले फोटो निघतात." अगदी मान्य! माझा मुद्दा फिल्म चांगली की मोबाईल, हा नाहीच. मागच्या खेपेला एक रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग मिळून हजाराच्या वर गेले. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल तर केव्हाच बंद झाला. ही हौस आता स्वस्त नाही. म्हणून तर म्हणते, निदान कॅमेरा तरी रास्त भावात आणि चालू स्थितीतला घ्या.

मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो, की ओळखीतल्या कोणाचे कपाट, चार गोष्टी बघितल्याशिवाय पैसे काढू नका. भिंगातून बॅटरीचा उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी. शटर कमी वेगावर अडकते का ते पाहा. घडीचा कॅमेरा असेल तर त्याच्या भात्याला भोके आहेत का ते अंधारात तपासा. आणि रोल कोणता लागतो ते आधी विचारा. १२० आणि ३५ मिलिमीटरचे रोल आजही मिळतात. ६२० चा रोल १९९५ साली बंद झाला. जुन्या काही कॅमेऱ्यांना पाऱ्याचे सेल लागत, तेही आता बनत नाहीत. 'व्हिंटेज' शब्दाखाली विकणारा यातले काही सांगत नाही. तो चामड्याच्या कव्हरचा फोटो मात्र चारी बाजूंनी टाकतो.

आपल्या नाशिककरांना तर हे सांगावेच लागू नये. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून ते १९१२ साली लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि कुंडीतल्या वाटाण्याची वाढ महिनाभर टिपत बसले. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. तो कॅमेरा त्यांनी विणलेल्या रुमालावर मांडून ठेवला असता तर?

हे लिहिताना समोर पाहिले आणि जीभ चावली. माझा क्लिक थ्री गेली वीस वर्षे शोकेसमध्ये आहे. विणलेल्या रुमालावर!

तो आज बाहेर काढला. कळ अजून वर येते. १२० चा रोल मागवला आहे. भाच्या, येत्या रविवारी हा कॅमेरा घेऊन जा. तो मी तुला फुकट देते आहे, पण अट एकच: महिन्याभरात बारा फोटो छापून मला दाखवायचे. नाही जमले, तर कॅमेरा परत आणून द्यायचा.

बाकी मंडळी, तुमच्या शोकेसमध्ये काय आहे?