मोजमाप पुस्तिकेत नसलेला पादचारी

सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशानुसार देशातील पन्नास शहरांतील पदपथांची व रस्ता ओलांडण्याच्या जागांची तपासणी व्हावयाची आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१अ) खाली पादचारी व बिगरयांत्रिक वाहनांविषयीचे, आणि कलम २१०ड खाली राष्ट्रीय महामार्ग वगळता अन्य रस्त्यांच्या आराखडा, बांधणी व देखभालीच्या मानकांविषयीचे नियम राज्यांनी सहा महिन्यांत करावयाचे आहेत. २०२३ साली देशात रस्त्यांवर मृत्यू पावलेल्या १,७२,८९० व्यक्तींपैकी ३५,२२१ पादचारी होते, हे पाहता आदेशाच्या गरजेविषयी वाद संभवत नाही. शंका आहे ती तपासणीच्या साधनांविषयी, कारण ज्या कागदांनी पादचाऱ्याला आजवर वगळले, त्याच कागदांवर ही तपासणी उरकली जाण्याचा धोका उघड दिसतो.

पदपथाच्या देयकाचा आधार म्हणजे मोजमाप पुस्तिका. तीत पेव्हर ब्लॉकचे काम चौरस मीटरमध्ये आणि कडेच्या दगडाचे, म्हणजे कर्बचे, काम रनिंग मीटरमध्ये नोंदले जाते. त्या क्षेत्रफळावरून माणूस सलग चालू शकतो किंवा नाही, यासाठी रकानाच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी १०३’ या मार्गदर्शिकेने निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरपर्यंत, असे स्पष्ट सांगितले आहे. प्रत्यक्षात तीन मीटर रुंदीच्या पदपथावर विजेचा फीडर पिलर, त्यापुढे झाडाचे आळे आणि त्यापुढे बसथांब्याची शेड आली, तरी देयक तीन मीटरच्या हिशेबानेच निघते. चालणाऱ्याच्या वाट्याला मात्र सर्वांत चिंचोळ्या जागी उरेल तेवढीच रुंदी येते, मग ती साठ सेंटिमीटर का असेना. पिलर हलवायचा तर वीज कंपनीकडे आधी पैसे भरावे लागतात, झाडासाठी वृक्ष प्राधिकरणाची मान्यता लागते, शेडचा जाहिरात करार तिसऱ्याच खात्याकडे असतो, आणि या तिन्ही टिपण्या परत येईपर्यंत कामाची मुदत संपलेली असते. अंदाजपत्रकातही पदपथ शेवटच्या बाबींत असल्याने रक्कम अपुरी पडली की कात्री प्रथम त्यालाच लागते, आणि त्या कपातीला ‘बचत’ म्हणण्याची पद्धत इतकी रुळली आहे की लेखापरीक्षकही तिला हरकत घेत नाहीत.

वाहतूक गणनेची स्थिती याहून चमत्कारिक आहे. रस्त्याची क्षमता ‘पीसीयू’मध्ये, म्हणजे प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या तुलनेत एकक ठरवून, मोजतात. आयआरसी १०६ च्या १९९० च्या तक्त्यात सायकलला ०.४ ते ०.५, बसला २.२ ते ३.७ आणि हातगाडीला २ ते ३ एकके आहेत. पादचारी त्या तक्त्यात नाही, याचा अर्थ हातगाडी ढकलणारा मोजला जातो आणि हातगाडी ठेवून निघाला की गणनेतून नाहीसा होतो. रस्ता ओलांडण्याच्या सोयीसाठी जो जुना निकष सर्रास वापरला जातो, त्यात गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला वाहनांच्या संख्येच्या वर्गाने गुणतात आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला तर नियंत्रित ओलांडणी समर्थनीय ठरते. तासाला हजार वाहने असतील तर शंभर पादचारी हवेत, असा त्याचा हिशेब. परंतु ज्या रस्त्यावर वाहनांच्या वेगामुळे वृद्ध व शाळकरी मुले ओलांडण्याचे धाडसच करीत नाहीत, तेथे ते शंभर कधीच भरत नाहीत, आणि ‘मागणी नाही’ असा शेरा मारून प्रकरण नस्तीबद्ध होते. नदी पोहून जाणारे मोजून पुलाची गरज ठरवण्याचाच हा प्रकार होय.

या वगळण्यामागे खर्चाविषयीचा एक गैरसमज असून तो अभियंत्यांच्या बैठकांतही ऐकू येतो: रस्त्याचे पैसे मोटारमालक भरतो, चालणारा व सायकलस्वार फुकट वापरतात. वस्तुतः मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत आणि इंधनावरील रस्ते उपकर केंद्राकडे जातो. शहरातील रस्ते राखणे हे महापालिकेचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य असून त्याचा भार मुख्यतः मालमत्ता कर आणि जकात व स्थानिक संस्था कर गेल्यानंतर मिळणारे अनुदान यांवर पडतो, म्हणजे खोलीचे भाडे भरणारा आणि किराणा घेणारा प्रत्येक जण तो उचलतो. (सायकलस्वाराने तर एकेकाळी नगरपालिकेचा कर भरून सायकलला बिल्लाही लावला होता.) झिजेचा हिशेब मांडायचा तर अमेरिकेतील १९५८ ते १९६० च्या आशो रस्ता चाचणीनुसार रस्त्याची हानी अक्षभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, १२०० किलोच्या मोटारीचा प्रत्येक अक्ष स्वारासह १०० किलोच्या सायकलीच्या अक्षाहून बारापट जड असल्याने हानी वीस हजार पटींहून अधिक भरते. अर्थात डांबरी थरांच्या जाडीच्या हिशेबात आयआरसी ३७ तीन टनांखालील वाहने धरतच नाही, कारण ट्रक व बसपुढे मोटारही नगण्य ठरते. मोटारीचा खरा खर्च जागेचा आहे: उभ्या मोटारीची चौकट अडीच गुणिले पाच मीटरची, आणि ती जागा बहुधा पदपथातूनच काढलेली असते.

न्यायालयाचा आदेश येऊनही अनेक कार्यालयांत मागील वर्षीचे अंदाजपत्रक नाव बदलून पुढे पाठवले जात आहे आणि सल्लागारही तेच करीत आहेत. हे आता थांबले पाहिजे. निविदेच्या विशेष अटींत ‘दर दहा मीटरवरील सलग मोकळी रुंदी’ ही मोजणीची बाब घालावी आणि तिच्याविना पदपथाचे अंतिम देयक काढू नये. निविदेत नसलेल्या अटीसाठी कंत्राटदाराला नंतर दोष देता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. वाहन गणनेच्या दर पंधरा मिनिटांच्या तक्त्यात ओलांडणारे पादचारी व ताटकळणारे पादचारी असे दोन रकाने वाढवावेत. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार विहित मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा पिलर हलवण्याची मागणी दूरध्वनीवर न करता टिपणीत, रुंदीच्या आकड्यासह व तारीख घालून करावी, आणि उत्तर आले नाही तर स्मरणपत्राची प्रत त्याच नस्तीत लावावी.