मोटारींतील गायन

मोटारींत लावण्यास मोठ्या साठवणीचा म्यूझिक-प्लेअर घ्यावयाचा, तो केवढा, असा प्रश्न परवां आमच्या घरीं निघाला. ‘सर्वांत मोठा,’ असा नातवंडांचा आग्रह. आम्हीं हिशेब मांडिला. ३२० केबीपीएस या उत्तम प्रतीच्या एमपी-थ्री मुद्रणास तासाला १४४ एमबी लागतात. म्हणजे १२८ जीबींच्या कार्डावर सुमारें ८८० तासांचें गायन मावतें. अहोरात्र ऐकिलें तरी महिन्यावर पुरेल ! पुणें-कोल्हापूर प्रवास तो केवढा ?

तेव्हां साठवणीपेक्षां इतर गोष्टी पाहाव्या. २००१ सालच्या पहिल्या आयपॉडांत फिरती तबकडी होती. तिला खांचखळग्यांचे धक्के बाधतात, कार्डास ती भीति नाहीं. बटणें न पाहतां बोटांस सांपडावींत. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. तेवढा वेळ नजर पडद्यावर गेली, तर तितका रस्ता डोळे मिटूनच काटला म्हणावयाचें. आणि मागें तर घरचीं सारीं माणसें बसलेलीं!

म्हणून गाण्यांची यादी आदल्या रात्रीं घरींच लावावी, व प्लेअर चालविणाऱ्याच्या नव्हे, शेजारच्याच्या हातीं असावा. पार्थसारथीनेंहि गीता सांगितली, ती रथ उभा करूनच.