सीतेची वेणी

मृग लागायच्या सुमारास आमच्या कोकणात जुन्या आंब्या-फणसांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांची वीतभर वेणी लोंबू लागते. ही सीतेची वेणी. आसामचे हे राज्यपुष्प. तिथे बिहूत मुली ते केसांत माळतात. आपण मात्र बांडगूळ समजून ओरबाडतो. वास्तविक ती झाडाचा घासही घेत नाही; लोंबत्या मुळांनी पाऊस आणि हवेतला ओलावा पिते. बी धुळीसारखे, बुरशीच्या सोबतीवाचून न रुजणारे. परदेशी व्यापाराला ‘साइट्स’ कराराचा लगाम आहे, कुऱ्हाडीला नाही. मुंबई-गोवा रस्ता रुंदावताना कितीतरी जुनी झाडे पडली. बँकेत तारणाची मूल्यांकने मी पुष्कळ वाचली; झाडाचे घनफूट असत, वरची वेणी कधीच नसे. नव्या रोपाच्या गुळगुळीत सालीवर ती कधी रुजायची? निदान झाड पाडण्याआधी तिला उतरवून शेजारच्या आंब्याला बांधावे. काथ्याचा एक तुकडा पुरतो.