चोरून आणलेला मनी प्लांट



आज कैरीच्या लोणच्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं, ते राहू दे. मागच्या मंगळवारी आमच्या जिन्यात जे झालं ते आधी लिहिते, नाहीतर माझं डोकं शांत होणार नाही.

आमच्या इमारतीत चार घरी भांडी-फरशी करणारी एक बाई आहे, तिशीची असेल. तिच्या पिशवीतून मनी प्लांटचा वीतभर तुकडा डोकावत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुंडीतला. वहिनींनी तिला जिन्यातच थांबवलं आणि पिशवी रिकामी करायला लावली. डबा, छत्री, पोरीसाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा, सगळं पायरीवर. "आज फांदी नेलीस, उद्या काय नेशील?" तेही चार जणींसमोर. ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "तुम्हीच म्हणत होता ना ताई, चोरूनच न्यायचा असतो, तरच लाभतो."

कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितेय.

कारण ती खरं बोलत होती. माझ्याच घरच्या भिशीत वहिनींनी हसत हसत सांगितलं होतं की त्यांचा वेल एका हॉटेलच्या कुंडीतून खुडून पर्समधून आणलाय. आम्ही सगळ्या हसलो होतो. ही तेव्हा मोरीत कपबश्या विसळत होती. आपण खुडलं तर गंमत, तिनं खुडलं तर चोरी, हा कुठला न्याय?

न दिलेली वस्तू घेणं म्हणजे चोरी, एवढी सरळ व्याख्या आपण पाठशाळेत शिकलो. त्यात फांदी, नाणं असा भेद नव्हता. आणि अचौर्य व्रताचे अतिचार आठवा. त्यातला पहिलाच आहे दुसऱ्याला चोरीला प्रवृत्त करणं. मग त्या दिवशी जिन्यात दोषी कोण कोण होतं, ते ज्यानं त्यानं मोजावं. मी स्वतःला धरलंय.

माझाही हिशोब सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंच्या सांगण्यावरून मी मावससासूबाईंच्या अंगणातून एक फांदी पदराआड आणली. मागितली असती तर त्यांनी कुंडीसकट दिली असती! त्या आता नाहीत. वेल आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली बाई मी, एका बाजूला जमा दिसलं की दुसऱ्या बाजूला कुणाच्या नावे पडलं ते बघायची सवय. एवढी नोंद मात्र चाळीस वर्षं केली नव्हती.

आता 'लाभतो' याचंही बघू. हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा, फ्रेंच पॉलिनेशियातला. युरोपातल्या लोकांनी 1880 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, मग ते बदलत बदलत 1964 मध्ये एपिप्रेम्नम ऑरियम झालं. ऑरियम म्हणजे सोनेरी. पण ते पानावरच्या पिवळट छटेबद्दल आहे, आपल्या लॉकरबद्दल नाही. या वेलाला फुलं जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बियांचा प्रश्नच नाही. आपल्या घरोघरी जे आहेत ते फांदीची फांदी, तिची फांदी असेच वाढत आलेले. म्हणजे चोरलेला आणि विकत घेतलेला वेल यात फरक शोधायचा तर पावतीच बघावी लागेल.

"पण आमचा चोरलेला खरंच जोमानं वाढला," असं सांगणाऱ्या भेटतात. वाढणारच. याची फांदी लागायला फार सोपी. चोरलेले जे सुकले त्यांची गोष्ट भिशीत कोण सांगतं? आणि सुकतात, कारण घाईघाईत नुसतं पान ओढलं जातं. देठासकट पान पाण्यात ठेवलं तर महिनोन्‌महिने हिरवं राहतं, वेल मात्र कधीच होत नाही. वेल फुटतो तो पेरातून. पेराशी एक तपकिरी टोक दिसतं, ते त्याचं हवेतलं मूळ. त्याच्या जरा खाली कात्रीनं कापायचं, पेर पाण्यात बुडवायचं, पान बाहेर ठेवायचं. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. म्हणजे नीट फांदी हवी असेल तर कात्री लागते, आणि कात्री घेऊन गेलं की विचारावंच लागतं.

तीच गत दिशेची आणि वर-खालीची. वेल खाली लोंबला की पैसा उतरतो म्हणे. अहो, हा वेल मुळात झाडावर चढणारा आहे. आंब्याच्या बुंध्यावर चढलेला बघा, पानं सुपाएवढी होतात आणि कडेनं फाटतात. लोंबत ठेवला की पानं लहान होत जातात. काठीला काथ्या गुंडाळून कुंडीत रोवा, काथ्या ओला ठेवा, मुळं धरतील आणि पानं मोठी होतील. आग्नेयेला ठेवा की नैर्ऋत्येला, त्याला उजेड लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर पिवळी छटा जाते, उन्हाळ्याच्या दुपारच्या उन्हात पान करपतं. माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. पानं पिवळी पडली की बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं आणि आपण मात्र अजून घालतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा, पान चावलं तर तोंडाची आग होते.

आणि त्या बाटल्या! धनासाठी फ्रिजवर ठेवलेल्या, पाणी कधी बदललं आठवत नाही अशा. पिण्याचं पाणी गाळून घेणाऱ्या आपल्या घरात त्याच पाण्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या वळवळतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं येतात तेव्हा याच बाटल्या उचलून बघतात. मग फवारणी, मग ते जीव मारणं आलं. आठवड्याला पाणी बदला, बाटली आतून घासा, नाहीतर सरळ मातीत लावा.

वहिनी हे वाचतात, मला माहीत आहे. वहिनी, पिशवी तुम्ही जिन्यात रिकामी करायला लावलीत, तर माफीही जिन्यात मागा. मी शेजारी उभी राहीन, कारण मलाही मागायची आहे.

परवा मी माझ्या वेलाच्या सहा फांद्या जॅमच्या बाटल्यांत घालून जिन्याच्या खिडकीत ठेवल्या. चिठ्ठी लावली, "विचारायची गरज नाही, न्या." दोन दिवस कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोन कमी. रात्रीच कुणीतरी नेल्या!

तिच्यासाठी मात्र मातीत रुजलेली कुंडी तयार ठेवली होती. हातात द्यायला गेले तर घेईना. "नको काकू, परत कुणी बघितलं तर?" मग मी वहीचं पान फाडून पावती केली. मनी प्लांट, कुंडीसकट एक नग, दिला. तारीख घातली, खाली सही केली. तिनं ती दोनदा वाचली, घडी करून मोबाइलच्या कव्हरात ठेवली आणि मग कुंडी उचलली. फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या मजल्याचं दार उघडंच होतं.